खालच्या विहिरीचा दोर

माझ्या सासूला कुणी वरून पाणी वाढलेलं चालत नसे. मी तांब्या उचलला की त्यांचा पंजा पेल्यावर झाकणासारखा बसायचा. लग्न होऊन मी चिचटोलीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे झालं. मी नागपूरची, इंदोऱ्याची. सासू-सासऱ्यांचा पेला रिकामा दिसू द्यायचा नाही, असं आईनं बजावून पाठवलेलं. मी मोठ्या अदबीनं तांब्या वाकवला आणि त्या म्हणाल्या, "राहू दे वं. मले हात आहेत."

मला ते झोंबलं. सासू खाष्ट निघाली, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. माझा नवरा रवींद्र कामठीला पॉवरलूमवर कामाला होता. सायकलवरून घरी आल्यावर त्याच्यापाशी तक्रार केली, तर तो हसायलाच लागला. "मायले पाणी वाढलं तू? बाप्पा! इथं कोणी असं करत नाही. ज्याचं त्यानं घ्यायचं."

कारण सांगितलं ते मामाजींनी, म्हणजे सासरे नत्थूजींनी. ते फार कमी बोलत. घरातलं सगळं बोलणं सासूबाईंच्या वाट्याला गेलेलं होतं. पण विहिरीपाशी गेले की त्यांची जीभ मोकळी व्हायची. चिचटोली म्हणजे कामठीहून रामटेककडे जाताना आत वळावं लागतं, ते उतारावरचं गाव. वरच्या अंगाला पाटीलपुरा, देऊळ, पंचायत. उताराच्या पायथ्याशी आमची वस्ती. पूर्वी पाण्याला वरच्या विहिरीवर जायचं, म्हणजे विहिरीपाशी नव्हे, लांब. मडकी मांडून उभं राहायचं. वरच्या कुणाला दया आली, वेळ मिळाला, तर ती बाई वरून पाणी वाढणार. माझी सासू, रंभाबाई, लहानपणापासून अशी उभी राहिलेली. कडेवर पोर घेऊनही उभी राहिलेली.

छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर बुद्धवंदना म्हणायला शिकली, देव्हारे काढले, ते सगळं झालंच. पण सासूबाईंनी विचारलं, "ते सारं बरोबर आहे, पण उद्या सकाळी पाण्याले कुठं जायचं?" म्हणून मग वस्तीनं विहीर खणली. पुरुष खाली उतरून खणायचे, बाया टोपल्यांनी माती वर ओढायच्या. काळा खडक लागला तेव्हा निम्मे हात गळाले. मामाजी सांगत, "मी बी म्हटलं, सोडून देऊ. तुही सासू टोपलं घेऊन खाली उतरली अन् म्हणे, तुम्ही वर जा, मी खणतो." इकडच्या बायाही "खणतो", "येतो" असंच म्हणतात. नंतर कुणी वर गेलं नाही, एवढं मामाजींना पक्कं आठवत होतं.

खडक फुटला आणि पाणी लागलं. गोड, अगदी शहाळ्यासारखं. त्या दिवशी वस्तीनं एकच नियम केला: इथं कुणी कुणाला वरून पाणी वाढायचं नाही. दोर रहाटाला बांधलेला राहील, जो येईल तो आपल्या हातानं काढेल. म्हाताऱ्या माणसाला हात लावायचा, पण दोर त्याच्याही हातात हवा. हे ऐकल्यावर माझा राग ओसरला. पेल्यावरचा तो पंजा मला वेगळाच दिसायला लागला.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याची गोष्ट मी कितीजणींच्या तोंडून ऐकली आहे. मी तेव्हा इथं नव्हते, पण मला ती पाहिल्यासारखी ठाऊक आहे. वरच्या विहिरी तळाला गेल्या. चिखल निघायला लागला. आमची मात्र पुरुषभर पाणी धरून होती. एका दुपारी वरच्या गावातल्या बायका गुंड, म्हणजे पितळेच्या घागरी, घेऊन उतार उतरून आल्या. सगळ्यांत पुढे कुसुमताई, सरपंच मनोहररावांची थोरली वहिनी. पाटलाघरची बाई, कधी उंबऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. त्या आल्या आणि विहिरीपासून लांब, एका रांगेत, गुंड खाली ठेवून उभ्या राहिल्या. आमच्या बायांना वर पाणी कसं मिळायचं ते त्यांना ठाऊक होतं. आता तेच आपल्या वाट्याला येणार, असं त्यांनी धरलेलं होतं.

आमच्या वस्तीतल्या काहीजणींना हुरूप आला. एक म्हणाली, "राहू द्या त्यायले उभं थोडा वेळ. समजू द्या उन्ह कसं लागते ते." मला विचाराल तर मीही तेच म्हटलं असतं. मला खोटं बोलता येत नाही. पण सासूबाई पुढे झाल्या, रहाटाचा दोर सोडला आणि कुसुमताईंपुढे धरला.

"उभी काहून आहे? घे. काढ तुले पाह्यजे तेवढं."

कुसुमताईंना पाणी काढता येत नव्हतं. घरात गडी होते, त्यांनी जन्मात दोर धरला नव्हता. पहिली बादली अर्धी सांडली, दोरानं तळहात सोलला. सासूबाई शेजारी उभ्या राहून नुसतं सांगत होत्या, "पाय टेकव. पाठीनं ओढ, हातानं नको." अख्खा उन्हाळा वरचं गाव आमच्या विहिरीवर जगलं आणि एकाही बाईला तिथं ताटकळत ठेवलं नाही. पाऊस पडला, वरच्या विहिरी भरल्या, आणि बायका पुन्हा वरच राहिल्या. गरज सरो वैद्य मरो, असं मी म्हटलं की सासूबाई मला गप्प करत. "पाणी देल्लं ते देल्लं. त्याची आठवण देऊ नये."

त्यानंतर काही वर्षांनी सरकारनं मुंबईत पाण्याचा कायदा केला. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण मंडळाचा. खेड्यापाड्यांत नळ आणायचे दिवस होते ते. आमच्या गावापुरता अर्थ एवढाच, की योजना बांधून मिळेल आणि बांधून झाली की पंचायतीनं ठराव करून तिचा ताबा घ्यायचा. ताबा घेतला की पुढे मोटार जळो, पाइप फुटो, पंचायतीनं निस्तरायचं. मी या गावात सून होऊन आले तेव्हा वरच्या टेकाडावर टाकीचे खांब उभे राहत होते. इंदोऱ्याला आमच्या चाळीपुढं नळ होता. त्यामुळे गावात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला असेल. टाकी किती वर आली ते मी रोज पाहून यायची.

सासूबाई तोवर पंचायतीत होत्या. कायद्यानं दोन जागा बायकांच्या. एक कुसुमताईंना दिली, कारण त्या सरपंचाच्या घरातल्या. दुसरी सासूबाईंना, कारण खालच्या वस्तीतलं कुणीतरी दाखवायला हवं होतं. आणि बायका पंचायतीत बसत नसत. रीत अशी होती, की बैठक पुरुषांनी करायची आणि मग चपराशी धोंडबानं वही काखेत मारून बायकांच्या घरी जायचं. बाईनं चुलीपुढून उठायचं, ओला हात पदराला पुसायचा आणि अंगठा उमटवायचा. ठराव कशाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. धोंडबा पहिल्यांदा आमच्या घरी वही घेऊन आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वही वापस ने गा. मी तिथं येतो. माह्या घरी पंचायत भरत नाही." त्या दिवसापासून त्या प्रत्येक बैठकीला जाऊन बसल्या. पुरुषांना अवघडल्यासारखं व्हायचं. विड्या बाहेर जाऊन ओढायला लागले बिचारे.

नळाचं चाचणीचं पाणी सुटलं आणि गावात दिवाळीच झाली. आमच्या वस्तीलाही एक नळ मिळाला होता. आता एक गोष्ट सांगते, हसू नका. गावात कुणी नळ बंदच करेना. आजवर वाहतं पाणी सगळ्यांनी नदीत पाहिलेलं, आणि नदीला कोण बंद करतं? वाहत्या पाण्याला अडवणं बरं नाही, असंही म्हाताऱ्या म्हणू लागल्या. वरच्या अंगणात पूर्वी ओंजळी-ओंजळीनं सडा पडायचा, तिथं बादल्या उपड्या व्हायला लागल्या. बैलं नळाखाली धुतली जाऊ लागली. आणि ते सगळं पाणी, शेणमूत घेऊन, उतारानं खाली आलं. पाण्याला कुठं तरी जायचंच असतं. ते आमच्या विहिरीच्या कठड्यापाशी येऊन थांबलं. हळूहळू तिथं डबकं झालं, मग डबक्यावर शेवाळ, आणि एक दिवस बादली वर आली तेव्हा पाण्याला वास होता.

सासूबाईंनी ते पाणी हुंगलं आणि बादली खाली ठेवून दिली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "आता नळ आला नं. विहीर कायले पाह्यजे?"

"नळाले पाणी सोडायची चावी कोणाच्या घरी राहते?"

"सरपंचाच्या."

"अन् विहिरीचा दोर?"

माझी नजर रहाटाकडे गेली.

"चावी त्याच्या घरी म्हणजे ते वरूनच वाढून राह्यले नं, पोरी. पह्यले गुंडानं वाढत, आता पाइपानं वाढून राह्यले. नळ पाह्यजे, मी नाही म्हणत नाही. पण ज्या दिवशी त्याच्या मनात नाही आलं, त्या दिवशी आपण कुठं जाऊन उभं राहायचं?"



ताबा द्यायच्या आधी इंजिनिअर साहेब जीप घेऊन पाहणीला आले. सासूबाईंनी त्यांना विहिरीपाशी नेलं. "साहेब, कायद्याच्या नावात पाणी आहे अन् सांडपाणी बी आहे. आमच्या गावात एकच काहून आलं?"

साहेब भले होते. डबक्याकडे बघून त्यांनी खरं तेच सांगितलं. "बाई, खेड्यातली नाली ग्रामपंचायतीच्या कायद्याप्रमाणे पंचायतीनंच काढायची असते. आमच्या योजनेत ती नाही. पण ताब्याचा ठराव तुमच्या पंचायतीला करायचाय. तो झाला की सगळे आपापल्या घरी जातील. जे करून घ्यायचं ते त्याच्या आधी करून घ्या."

म्हणजे घोडं पंचायतीतच अडलेलं होतं. आणि का अडलं होतं, हे उघड होतं. सांडपाणी वळवून गावाबाहेरच्या नाल्याला न्यायचं तर नाली, म्हणजे उघडं गटार, वरच्या गल्लीतून काढावी लागणार. गल्लीत घरांचे ओटे पुढे आलेले. ओटे तोडल्याशिवाय नालीला जागा नाही. आणि सगळ्यांत पुढे आलेला, सगळ्यांत रुंद ओटा मनोहररावांचा. संध्याकाळी तिथं बसून पानाचा डबा उघडायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रामराम घ्यायचा, ही त्यांची जुनी सवय. सरपंचपद गेलं तरी चालेल, पण ओटा जाऊ नये, असा माणूस. वाईट नव्हते हो ते. पण प्रत्येकाचा एक ओटा असतो.

सासूबाईंनी सांगून टाकलं: ठरावात आधी नाली, मग ताबा. उताराच्या कडेनं राहणारे सदस्य त्यांच्या बाजूचे झाले, कारण त्यांच्याही दारातून तो चिखल वाहत होता. उरलेले सरपंचाच्या बाजूला. मतं अशी तोलून पडली, की सगळं कुसुमताईंच्या अंगठ्यावर आलं. आणि कुसुमताईंचा अंगठा म्हणजे दिराच्या खिशातलाच, असं सगळं गाव धरून चाललेलं.

"जाऊन बोला नं त्यायच्याशी," मी म्हटलं. "त्र्याहत्तरची आठवण द्या."

"मी मागाले नाही जाणार."

"मागू नका. फक्त आठवण—"

"आठवण देणं म्हणजे मागणंच होते. देल्लं पाणी मी वापस नाही मागत." आणि वर मलाच म्हणाल्या, "तू बी जाऊ नको. गेली तं मले समजन."

मला इतका राग आला! विहीर बुडतेय आणि ही बाई स्वाभिमान कुरवाळत बसली आहे, असं वाटलं. मामाजींकडे पाहिलं, तर ते आभाळाकडे पाहत होते. त्यांचा तो ठरलेला पवित्रा.

बैठकीच्या आदल्या दिवशी धोंडबा वही घेऊन कुसुमताईंकडे गेला. सरपंचांनी आधीच अंगठा घेऊन ठेवायला सांगितलं होतं. पुढचं धोंडबानंच नंतर गावभर सांगितलं. कुसुमताईंनी हात पुसला, अंगठ्याला शाई लावून घेतली आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, विचारलं, "हे कायचं आहे गा?"

धोंडबा म्हणाला, "नळाच्या ताब्याचं, ताई."

"अन् रंभाबाई नालीचं म्हणून राह्यली ते?"

"ते यात नाही."

कुसुमताईंनी शाईचा अंगठा राखेनं घासून पुसला. "वही ने. मी उद्या तिथं येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतल्या बायका पंचायतीबाहेरच्या कडुनिंबाखाली जमलो होतो. दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. सासूबाई आपल्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यात सतरंजीवर. मनोहररावांनी बोलायला सुरुवात केली आणि पाटीलपुऱ्याकडून कुसुमताई येताना दिसल्या. एकट्या. डोक्यावर पदर, पण चाल सरळ. त्या आत गेल्या, तसे पुरुष उठून उभे राहिले. कुसुमताई कुणाकडे न बघता सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. त्याच सतरंजीवर.

"वहिनी, तुम्ही काहून तरास घेतला?" मनोहरराव गडबडले. "धोंडबा आलाच असता घरी."

"आला होता. मले पुसायचं होतं, भाऊजी. त्र्याहत्तरात आपल्या घरात पाणी कुठून येत होतं?"

मनोहररावांनी वहीचं पान उलटलं.

"मी आणत होतो. त्या विहिरीतून. माह्या हातानं काढून." कुसुमताईंनी तळहात पुढे केला. त्यावर दोराची खूण होती की नव्हती, मला बाहेरून दिसलं नाही. "मी तिथं जाऊन लांब उभी राह्यली होती. मले वाटलं, आता हे आपल्याले उभं ठेवतीन. ठेवलं असतं तं मी काय म्हणणार होतो? पण या बाईनं मले दोर देल्ला. तुमची पोरं त्या पाण्यावर जगली. आता त्या विहिरीत आपल्या बैलाचं मूत चाललं. मी अंगठा देतो, पण नाली लिहा पह्यले. अन् पहिला ओटा आपला तोडा, मंग दुसऱ्याले म्हणता येईन."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या. ज्या बाईनं खडक फोडला, तिला मी पहिल्यांदा असं पाहिलं. माझेही डोळे भरून आले. आठवण दिली नव्हती, म्हणूनच ती राहिली होती, हे मला तेव्हा समजलं. मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले होते, ते सगळं मी मागे घेतलं.

ठराव झाला. नाली आधी, ताबा मग. मनोहररावांचा ओटा तोडताना ते स्वतः देवदर्शनाला रामटेकला निघून गेले, पण अडवलं नाही, हेही सांगायला हवं. दगडाची नाली गल्लीतून खाली, विहिरीला वळसा घालून नाल्याकडे गेली. वाटेत त्यांचंच शेत होतं. त्या सांडपाण्यावर त्यांची वांगी अशी काही धरली, की पुढे ते पाहुण्यांना नाली दाखवून सांगायचे, "आमच्या काळात काढली." सासूबाई ऐकून नुसतं हसत. वस्तीनं विहीर उपसली, गाळ काढला, कठडा उंच बांधला. नळ बंद करायलाही गाव शिकलं, आपोआप नाही, सासूबाईंनी दारोदार फिरून ओरडून शिकवलं तेव्हा.

मग काही वर्षांनी, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, टाकीची मोटार जळली. ऐन मे महिन्यात. ताबा पंचायतीकडे, त्यामुळे दुरुस्तीही पंचायतीची, आणि मोटार नागपूरला नेलेली लवकर परत येईना. सगळे नळ कोरडे. वरच्या विहिरींकडे नळ आल्यापासून कुणी पाहिलंच नव्हतं. त्या कचऱ्यानं भरून गेल्या होत्या. सगळं गाव पुन्हा उतार उतरून आमच्या विहिरीवर आलं.

या वेळी कुणी लांब उभं राहिलं नाही. कुसुमताई पुढं होत्या, आता केस पांढरे झालेले. त्यांनी सराईतासारखा दोर धरला, पाय टेकवला आणि पाठीनं ओढला. नव्या सुनांना त्याच शिकवत होत्या. गर्दीत मागे मनोहररावही होते, हातात घरातली बादली. घरातले गडी कामावर, पोरं शहरात. त्यांची पाळी आली तेव्हा दोर धरला आणि नुसतेच उभे राहिले. त्यांनीही जन्मात पाणी काढलेलं नव्हतं. घामानं चष्मा घसरला. वस्तीतला एक तरणा पुढे झाला, "द्या, मी काढून देतो मालक."

सासूबाई कठड्याला टेकून बसल्या होत्या. गुडघे दुखायला लागले होते त्यांचे. त्यांनी हात वर केला.

"थांब गा. काढू दे त्यायले. मनोहरराव, पाय टेकवा. पाठीनं ओढा, हातानं नको."

मनोहररावांनी पाय टेकवला. बादली हेलकावे खात वर आली, अर्धी वाटेतच सांडली. उरलेलं ओंजळीत घेऊन ते तिथंच प्याले, अख्ख्या गावासमोर, खालच्या वस्तीच्या विहिरीवर. मग पुन्हा बादली सोडली. दुसऱ्या वेळी ती जवळजवळ भरून आली, आणि ते लहान पोरासारखे खुश झाले. खोटं नाही सांगत, मला त्यांचाही अभिमान वाटला त्या क्षणी. माझ्या सासूचा तर इतका वाटला, की इंदोऱ्याच्या नळाची मला त्यानंतर कधी आठवण आली नाही.

मनोहररावांनी कपाळ पुसलं आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "रंभाबाई, तुम्ही पाणी घेतलं का? मी काढून देऊ?"

सासूबाई उठल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मले हात आहेत."

मनोहररावांनी दोर त्यांच्या हातात दिला.